पोट दुखतंय म्हणजे नेमकं काय दुखतंय?

(कम्युनिटी रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

धारा काढून, चूल आवरून बसला असाल, नाहीतर मोबाईल कानाला लावून शेताच्या वाटेवर असाल. आज आपण पोटाबद्दल बोलणार आहोत. म्हणजे खरं तर पोटाविषयीच्या शब्दांबद्दल.

आपला ‘पोट’ हा शब्द फार मोठा आहे. भाकरी जाते ती पोटात, बाळ वाढतं ते पोटात, राग गिळतो तोही पोटात. पोटासाठी ऊसतोडीला जातो आणि पोटच्या पोरीला आजीजवळ ठेवून जातो. घरात बोलायला हा एक शब्द पुरतो. दवाखान्यात मात्र तो पुरत नाही. आपण म्हणतो, “पोट दुखतंय.” डॉक्टर विचारतात, “कुठं?” आपण पदरावरूनच गोल हात फिरवतो, “हे इथं, सगळं.” बाहेर पन्नास माणसं थांबलेली असतात. डॉक्टर गॅसची गोळी लिहितात, आपणही खूश होऊन येतो, आणि पंधरा दिवसांनी तेच दुखणं पुन्हा.

हा विषय आम्ही का घेतला? आमच्या गटांच्या वह्या उघडल्या की कर्जाच्या कारणात शेळी दिसते, शिलाई मशीन दिसतं, पोरांची फी दिसते आणि त्यांच्या जोडीला ‘दवाखाना’ वारंवार दिसतो. त्यात कितीदा तरी असं असतं की दुखणं जुनं, कागदही घरात, पण कागदावर काय लिहिलंय ते घरात कुणालाच लागलेलं नाही. म्हणून गेले काही महिने आम्ही बैठकीत बायकांना घरातले दवाखान्याचे कागद आणायला सांगतो आणि उपकेंद्रातल्या ताईंना सोबत घेऊन वाचतो. त्यातून जे जमलं ते आज सांगतो.

आधी जागा ओळखू. एक भाकरी डोळ्यांपुढं आणा. बेंबी म्हणजे भाकरीचा मध्य. आता तिचे चार चतकोर करा, दोन वरचे, दोन खालचे. डावा-उजवा हात आपला स्वतःचा धरायचा, समोरच्या बाईचा नाही.

वरच्या उजव्या चतकोरात, बरगडीखाली, यकृत असतं. त्यालाच लिव्हर म्हणतात. मोठ्या माणसाचं यकृत साधारण दीड किलोचं. त्याच्या खाली लपून एक छोटी पिशवी असते, ती पित्ताशय. वरच्या डाव्या बाजूला जठर, म्हणजे खाल्लेलं अन्न पहिल्यांदा जिथं जाऊन पडतं ती पिशवी. इथंच मोठा घोळ आहे. डॉक्टरांच्या इंग्रजीत ‘स्टमक’ म्हणजे फक्त हे जठर, आणि आपलं ‘पोट’ म्हणजे बरगड्यांपासून जांघेपर्यंतचं सगळं. जठराच्या शेजारी प्लीहा असते, आपल्या म्हाताऱ्या तिला पानथरी म्हणायच्या. मलेरियात पानथरी वाढते हे त्यांना ठाऊक होतं. जठराच्या मागं आडवं पडलेलं असतं ते स्वादुपिंड. साखरेचं इन्शुलिन तिथंच तयार होतं आणि अन्न पचवणारे रसही.

खालच्या उजव्या चतकोरात अपेंडिक्स, मोठ्या आतड्याला लटकलेली करंगळीएवढी शेपटी. खालच्या डाव्या बाजूला मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग. मधे सगळीकडं गुंडाळून ठेवलेलं लहान आतडं. ते लहान म्हणजे लांबीनं लहान नाही बरं का. सुमारे 6 मीटर लांब असतं, आपली सहावारी साडी पूर्ण उलगडली तर तिच्याहूनही थोडं जास्त. मोठं आतडं दीड मीटरच, पण रुंद, म्हणून ते मोठं. आणि अगदी खाली, ओटीपोटात, लघवीची पिशवी, गर्भाशय आणि दोन्ही बाजूंना बीजकोश.

ओटीपोट दुखत असेल तर एक गोष्ट न विचारता सांगायची, ती म्हणजे शेवटची पाळी कधी आली ती तारीख. सोबत नवरा असो, सासू असो, दीर असो, सांगायचीच. पाळी चुकलेली आहे, खाली एका बाजूला जोरात दुखतंय, घेरी येतेय, अशा वेळी गर्भ नळीत राहिलेला असू शकतो. ते पोटाचं दुखणं समजून ओव्यावर भागवलं तर जीव जातो. घरी थांबायचं नाही.

जागा झाली. आता दुखण्याचा प्रकार. याबाबतीत आपण बायका डॉक्टरांच्याही पुढं आहोत. जळजळ वेगळी, कळ वेगळी, मुरडा वेगळा, ठणका वेगळा, पोट गच्च होणं वेगळं आणि तडस लागणं वेगळं. मळमळ आणि उमासे यांतला फरक आपल्याला कुणी शिकवावा लागत नाही. करपट ढेकर कोणता आणि आंबट कोणता हेही कळतं. हे शब्द दवाखान्याच्या दारात टाकून ‘गॅस’ हा एक शब्द घेऊन आत जाऊ नका. कळ येऊन जाते की सारखी दुखतेय, जेवल्यावर वाढतं की जेवल्यावर बरं वाटतं, पाठीकडं जातं का, रात्री झोपेतून उठवतं का, एवढं आपल्या मराठीत नीट सांगितलं तरी डॉक्टरांना पुष्कळ कळतं.

मात्र आपला एक शब्द असा आहे की त्याच्यापायी आपण फसतो. तो म्हणजे पित्त.

छातीत जळजळलं, पित्त. डोकं दुखून उलटी झाली, पित्त. अंगावर गांधी उठल्या, खाज सुटली, तेही पित्त. आणि वैद्य नाडी बघून सांगतात ते वात, पित्त, कफ यांतलं पित्त. हे एक नाही मैत्रिणींनो. छातीत जळजळतं ते बहुतेक वेळा जठरातलं आम्ल वर येतं म्हणून. कागदावर त्याला अॅसिडिटी म्हणतात किंवा जीईआरडी अशी चार अक्षरं लिहितात. उलटीनं उतरणारी डोकेदुखी ही बऱ्याचदा अर्धशिशी असते, म्हणजे मायग्रेन. तिचं मूळ डोक्यात, जठरात नाही. अंगावर उठतं ते अर्टिकेरिया, कातडीची अॅलर्जी. वैद्यांचं पित्त हा आयुर्वेदाचा वेगळाच विचार. आणि डॉक्टर ज्याला पित्त म्हणतात तो यकृतात तयार होणारा, हिरवट-पिवळा, कडू रस. तो पित्ताशयात साठतो आणि तेल-तूप पचवायच्या कामी येतो.

आता या एका शब्दानं काय होतं बघा. आमच्या एका गटात एक मावशी आहेत. हिशेब तोंडपाठ, कुणाचा हप्ता कधी थकला ते तारखेसकट सांगतील. त्यांना लग्नाकार्यात तेलकट-तुपकट जेवण झालं की रात्री उजव्या बरगडीखाली कळ यायची, ती पार पाठीत उजव्या फऱ्यापर्यंत जायची. “माझं पित्त जुनं आहे,” म्हणून मेडिकलमधून गोळी आणायच्या. लेकीनं एकदा शहरात सोनोग्राफी करून घेतली. कागदावर इंग्रजीत एक लांबलचक शब्द. तिथं घाईत कुणीतरी सांगितलं, “पित्ताचे खडे आहेत.” मावशींच्या कानावर आलं ‘पित्त’. ते तर त्यांना माहीतच होतं. कागद रेशनकार्डाच्या पिशवीत गेला. आठ महिन्यांनी थंडी वाजून ताप, डोळे पिवळे, अशा अवस्थेत त्यांना जिल्ह्याच्या गावी न्यावं लागलं. खडा पित्ताशयातून सरकून नळीत अडकला होता. मावशी वाचल्या. पण वेळेवर एका ऑपरेशनात भागलं असतं, तिथं दोनदा भरती व्हावं लागलं. त्यांचं गटाचं कर्ज अजून फिटतंय.

तो लांबलचक शब्द होता कोलेलिथियासिस. ऐकून दात पडतात. पण शाळेत आपण संधी सोडवायचो ना, विद्यालय म्हणजे विद्या अधिक आलय? तसंच करायचं. हे शब्द जुन्या ग्रीक भाषेतले. कोले म्हणजे पित्त. लिथ म्हणजे दगड, खडा. आयसिस म्हणजे तसं झालेलं असणं. झालं, पित्ताचे खडे. आता कोलेसिस्टायटिस शब्द आला तर? कोले पित्त, सिस्ट पिशवी, आयटिस सूज. पित्ताच्या पिशवीला सूज. आणि कोलेसिस्टेक्टॉमी? शेवटी एक्टॉमी आलं की कापून काढणं. पित्ताची पिशवी काढायचं ऑपरेशन.

या खड्यांबद्दल आणखी एक. मुतखडा आणि पित्ताचा खडा हे दोन वेगळे. मुतखडा मूत्रपिंडातला. तो लहान असेल तर भरपूर पाण्यानं लघवीवाटे पडतोही. म्हणून लोक पानफुटीची पानं चघळतात आणि खडा पडला म्हणतात. पित्ताशयाची वाट लघवीला जातच नाही. कितीही पाणी प्यालं, कितीही पानं चघळली तरी तो खडा त्या वाटेनं पडायचा नाही. सगळ्याच पित्तखड्यांना ऑपरेशन लागतं असंही नाही. जे मुकाट पडून असतात, कधी दुखत नाहीत, त्यांना डॉक्टर नुसतं लक्ष ठेवायला सांगतात. ते डॉक्टरांनी ठरवायचं, आपण कागद पिशवीत घालून नाही.

आयटिस तेवढा मनात पक्का करा, कागदावर तोच सगळ्यात जास्त भेटतो. गॅस्ट्रायटिस, जठराला सूज. अपेंडिसायटिस, अपेंडिक्सला. कोलायटिस, मोठ्या आतड्याला. पॅनक्रियाटायटिस, स्वादुपिंडाला. हे शेवटचं फार दुखतं, वरच्या पोटात सुरू होऊन पाठीत घुसतं. पित्ताच्या खड्यानं होतं, दारूनंही होतं. ज्यांच्या घरात दारू आहे त्यांनी हा शब्द लक्षात ठेवा.

अपेंडिसायटिसची एक खूण अशी की दुखणं पहिल्यांदा बेंबीभोवती असतं आणि काही तासांनी खाली उजवीकडं सरकतं. भूक जाते, उलटी होते, बारीक ताप येतो. आपल्याकडं बेंबीभोवती दुखलं की म्हणतात बेंबी सरकली, आणि पोट चोळायला बसतात. कुणी एरंडेल पाजतं. दुखणारं पोट चोळू नका, जुलाबाचं औषध देऊ नका. आतली सुजलेली शेपटी फुटली की पू सगळ्या पोटात पसरतो. मग पोट फळीसारखं कडक होतं आणि धावाधाव सुरू होते.

हिपॅटायटिस हाही आयटिसच. हिपॅट म्हणजे यकृत. गावात आपण याला कावीळ म्हणतो. डोळे पिवळे होणं, लघवी गडद होणं, ही झाली कावीळ. ती खूण आहे, आजाराचं नाव नाही. मावशींना खड्यामुळं कावीळ झाली, दुसऱ्या कुणाला यकृताच्या सुजेमुळं होईल, तान्ह्या बाळाची आणखी वेगळी. कारण शोधल्याशिवाय कावीळ ‘उतरवून’ कशी चालेल? गळ्यात माळ घालतात, चुन्याच्या पाण्यात हात धुवून पिवळं पाणी दाखवतात, काही ठिकाणी डागतातसुद्धा. हाताला आधीच झाडाच्या सालीचा रस चोळलेला असतो, कावीळ नसलेल्या माणसाचंही पाणी पिवळंच होईल. घाण पाण्यातून येणारी हिपॅटायटिस ए पुष्कळदा आपोआप बरी होते. श्रेय मात्र माळेला जातं.

पण यात गरोदर बाईनं अजिबात थांबू नये. पाण्यातूनच येणारी हिपॅटायटिस ई नावाची कावीळ गरोदरपणात, त्यातही शेवटच्या तीन महिन्यांत, जिवावर बेतते. पोटुशी बाईचे डोळे पिवळे दिसले की त्याच दिवशी दवाखाना. आणि हिपॅटायटिस बी रक्तातून पसरते, आईकडून बाळाला जाते. म्हणून बाळंतपणानंतर 24 तासांच्या आत बाळाला तिची लस देतात. ती दिली का, एवढं आठवणीनं विचारा.

कागदावर ‘फॅटी लिव्हर’ असेल तर उगाच लाजू नका. एक ताई आम्हाला हळूच म्हणाल्या, “मी तर दारूला शिवतही नाही, लोक काय म्हणतील?” यकृतात चरबी साठायला दारूच लागते असं नाही. वजन, साखर यांच्यासोबतही ती येते.

पावसाळ्यात पेपरात येतं, अमुक गावात गॅस्ट्रोची साथ. पूर्ण शब्द गॅस्ट्रोएन्टरायटिस. सोडवा बघू. गॅस्ट्रो जठर, एन्टर आतडं, आयटिस सूज. यात आपले शब्द डॉक्टरांना नेमके कळतात. नुसते पातळ जुलाब म्हणजे डायरिया. मुरडा येऊन शेंब-रक्त पडतं ती रक्ती आव, म्हणजे डिसेंट्री. तिला वेगळं औषध लागतं, म्हणून रक्त पडतंय हे लाजून लपवायचं नाही. तांदळाच्या धुवणासारखे पाण्याचे जुलाब ही पटकी, कॉलरा. ती काही तासांत माणसाला सुकवते.

जुलाबात माणूस मरतो तो पाणी आणि मीठ गेल्यामुळं. 1971 साली बांगलादेशातून निर्वासित आले तेव्हा पश्चिम बंगालात बनगावच्या छावणीत पटकी पसरली. सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि सोडा यांचं पाणी पिंपात कालवलं आणि नातेवाइकांच्या हातात पेला दिला, पाजत राहा म्हणून. छावणीत मरणाऱ्यांचं प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्या खाली आलं. ते पाणी म्हणजे आजचं ओआरएस, आपली जलसंजीवनी. महालनबीस 2022 साली वारले, आणि 2023 मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. एवढा मोठा शोध आपल्या मिसळणाच्या डब्याशेजारी पडून आहे, आणि आपण सुई टोचल्याशिवाय गुण येत नाही म्हणून पाचशे रुपयांचं सलाईन मागतो.

पाकीट नसेल तर 1 लिटर उकळून गार केलेलं पाणी, 6 सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चहाचा चमचा मीठ. मीठ जास्त घालू नका, बाळाला अपाय होतो. पाकीट असेल तर अख्खं पाकीट 1 लिटरमध्ये एकदम घाला, रोज चिमूट-चिमूट नाही. कालवलेलं पाणी 24 तासांनी फेकून द्या. लहान मुलाला आशाताई झिंकच्या गोळ्या देतात, त्या जुलाब थांबले तरी 14 दिवस पूर्ण द्यायच्या. बाळ सुस्त पडलं, डोळे खोल गेले, पोटाच्या कातडीचा चिमटा घेतला तर ती सावकाश खाली बसते, लघवी होत नाही, तर मग मात्र दवाखाना आणि सलाईन. अंगावरचं दूध कुठल्याच जुलाबात बंद करायचं नसतं.

जंतांचं थोडक्यात. अंगणवाडीत आणि शाळेत 10 फेब्रुवारीच्या सुमाराला जंताची गोळी देतात, ती पोरांना चुकवू देऊ नका.

आता ‘अल्सर’. जठराच्या आतल्या बाजूला पडलेला व्रण, जखम. पूर्वी सगळे म्हणायचे तिखटानं आणि काळजीनं होतो. ऑस्ट्रेलियातले बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांनी दाखवलं की बहुतेक अल्सरमागं एक जंतू आहे, हेलिकोबॅक्टर पायलोरी. कुणी विश्वास ठेवीना, तेव्हा मार्शल यांनी 1984 साली तो जंतू कालवलेलं पाणी स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली! 2005 साली दोघांना नोबेल मिळालं. म्हणजे आपल्या ठेच्यावरचा निम्मा आरोप गेला. तरी ज्याला ठेचा बाधतो त्यानं तो कमीच खावा.

अल्सरचं दुसरं मोठं कारण आपल्या पदराच्या गाठीत असतं. दिवसभर खुरपून कंबर धरली की मेडिकलमधून ‘अंगदुखीची’ गोळी. सकाळी नुसत्या चहावर गोळी घेऊन रानात. उपास असला तर त्यातच. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन ही त्यांची नावं, पाकिटाच्या मागं लिहिलेली असतात. आठवड्यातून चार-चार दिवस, महिनोन्महिने उपाशीपोटी घेतल्या तर जठराला छिद्र पडेपर्यंत वेळ येते. आम्ही म्हणत नाही की दुखणं सोसा. गोळी लागते याचा अर्थ दुखणं मोठं आहे, ते दाखवा.

अल्सरमधून आतल्या आत रक्त गेलं तर शौच काळी होते, डांबरासारखी, चिकट, चकचकीत, उग्र वासाची. तिला डॉक्टर मेलेना म्हणतात. हे आम्हाला मुद्दाम सांगायचंय, कारण आपल्यापैकी कितीतरी जणी रक्तवाढीच्या लोहाच्या गोळ्या घेतात आणि त्यांनीही शौच काळपट होते. ती नुसती काळपट असते, डांबरासारखी नसते. त्यासाठी लोहाच्या गोळ्या बंद करू नका. डांबरासारखी झाली, सोबत चक्कर येतेय, तर मात्र थांबू नका.

‘गॅस’बद्दल एकच सांगतो. छातीच्या मधोमध किंवा बरगड्यांच्या खालच्या खळग्यात दाटून आलं, दरदरून घाम फुटला, धाप लागली, डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत कळ गेली, तर तो गॅस समजून सोडा-लिंबू करत बसू नका. तो हृदयाचा झटका असू शकतो. बायकांना कधीकधी छातीत फार दुखतही नाही, नुसती मळमळ आणि गळून गेल्यासारखं होतं. 108 ला फोन करा.

आणखी एक गोंधळाचा शब्द, दुर्बीण. आपल्या गावात दुर्बीण म्हटलं की कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन. म्हणून डॉक्टर “दुर्बिणीनं बघू” म्हणाले की बाई म्हणते, “अहो, माझं झालंय ते ऑपरेशन!” स्कोपी म्हणजे आत डोकावून बघणं. एंडोस्कोपी तोंडातून, जठर बघायला. कोलोनोस्कोपी शौचाच्या जागेतून, मोठं आतडं बघायला. या दोन्हींत पोट कापत नाहीत. लॅप्रोस्कोपी म्हणजे पोटाला बारीक भोकं पाडून केलेलं काम. त्यात कुटुंब नियोजनही येतं आणि पित्ताची पिशवी काढणंही. कुठली, हे विचारून घ्या.

आता ज्याबद्दल कुणी बोलत नाही ते. एसटी स्टँडवर भिंती रंगवलेल्या असतात, ‘मूळव्याध, भगंदर, विनाऑपरेशन, खात्रीशीर’. गुप्तपणे होतं म्हणून बायका तिथंच जातात. शौचाच्या जागेचं काहीही झालं की आपण मूळव्याध म्हणतो. तीन वेगळी दुखणी आहेत. मूळव्याध, म्हणजे पाइल्स, त्यात शिरा फुगतात. रक्त ठिबकतं, पण बहुतेक वेळा दुखत नाही. गरोदरपणात हे खूप जणींना होतं. फिशर म्हणजे चीर. शौचाला बसलं की काच कापल्यासारखं होतं, नंतर तासभर आग होते. कोमट पाण्याच्या टबात बसल्यानं आणि शौच मऊ राहिल्यानं पुष्कळ चिरा भरून येतात. भगंदर म्हणजे फिस्टुला, बाजूला फोड येऊन फुटतो, पुन्हा भरतो, पू येत राहतो. याला मलम लावून काही होत नाही. भिंतीवरचा खात्रीशीर माणूस तिघींनाही एकच इंजेक्शन देतो. आणि रक्त पडतंय, वजन उतरतंय, शौचाची सवय बदललीय, तर ते आतड्याच्या कॅन्सरचंही असू शकतं. तपासून घेतलेलं बरं.

यातलं निम्मं दुखणं बद्धकोष्ठाचं, आणि आपलं बद्धकोष्ठ शेतावर आडोसा नसण्याचं आहे. मजुरीला गेलं की दिवसभर बाई पाणी पीत नाही, लागली तरी दाबून धरते. बायकांनी पाणी प्यावं म्हणून सांगणं सोपं आहे. आमच्या दोन गटांनी मुकादमाला सांगून बांधावर जुन्या साड्यांचा आडोसा करून घेतला. आम्हाला त्या इसबगोलपेक्षा जास्त उपयोगाचा वाटतो.

शेवटी चिठ्ठी. गोळीच्या नावापुढं बारीक अक्षरं असतात. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा. एचएस म्हणजे झोपताना. एसी जेवणाआधी, पीसी जेवणानंतर. अॅसिडिटीची पॅन्टोप्रॅझोल किंवा ओमिप्रॅझोल ही गोळी जेवणाआधी अर्धा तास घ्यायची असते, आपण जळजळायला लागल्यावर घेतो, मग म्हणतो गुण नाही. एसओएस म्हणजे गरज पडली तरच. एका घरात ही एसओएसची गोळी तीन महिने रोज चालू होती. आणि भरती पेशंटच्या पलंगावर एनबीएम लिहिलं असेल तर तोंडावाटे काहीही द्यायचं नाही, पाण्याचा घोटसुद्धा. प्रेमानं दिलेल्या अर्ध्या कप चहापायी ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर गेलेलं आम्ही पाहिलंय.

या महिन्याच्या बैठकीला हप्त्याच्या पैशांबरोबर घरातले दवाखान्याचे जुने कागद आणा. सोनोग्राफीचे, रक्ताचे, फाटलेले, डाग पडलेले, चालतील. उपकेंद्रातल्या ताई दुपारी तीनला येणार आहेत. ज्यांना चष्मा लागतो त्यांनी चष्माही आणा, अक्षर बारीक असतं.